आपल्या जिल्ह्याचे आरोग्याचे आणि शिष्यवृत्तीचे आकडे: कुठून घ्यायचे, ताळा कसा करायचा

काही वर्षांपूर्वी मी ठाणे जिल्ह्याचा एक तक्ता केला होता. एका रकान्यात २०११च्या जनगणनेची लोकसंख्या, १ कोटी १० लाख ६० हजार. शेजारच्या रकान्यात नंतरच्या एका सरकारी तक्त्यातली, ८१ लाखांच्या आतली. दोन्ही आकडे नीट उतरवले होते, एकही अंक चुकला नव्हता. पान लावणाऱ्या सहकाऱ्याचा रात्री फोन आला, "अहो, तीस लाख माणसं गेली कुठं?"

कुठंच गेली नव्हती. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि दुसऱ्या तक्त्यात जनगणनेचीच माणसं नव्या हद्दीनुसार वाटून दिली होती. आकडा खरा असूनही बातमी खोटी ठरते ती अशी. तेव्हापासून तक्ता करताना मी जो क्रम पाळतो, तो इथे मांडतो. स्थानिक पत्रकार, ग्रामपंचायत सदस्य, समाजकार्याचे विद्यार्थी, शिष्यवृत्तीसाठी खेटे घालणाऱ्या संघटना, कुणालाही तो वापरता येईल. संगणकावर साधी एक्सेल येत असली तरी पुरे.

पायरी १: प्रश्न एका ओळीत लिहा

"जिल्ह्यातील आरोग्य व शिक्षणाची स्थिती" हा प्रश्न नव्हे, ते फायलीवरचं शीर्षक झालं. प्रश्न असा हवा: आमच्या जिल्ह्यात दहावी झालेल्या मुलींचं पुढं काय होतं? याला दोन अंगं आहेत. एक आरोग्याचं: अठराच्या आत लग्न, रक्तक्षय, पहिलं बाळंतपण. दुसरं पैशाचं: शिष्यवृत्तीचा अर्ज कितीजणींनी केला, मंजूर किती झाले, खात्यात पैसे कितीजणींच्या आले. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत हाच प्रश्न धरून चालू.

पायरी २: हद्द आणि नाव तपासा

पालघरचं वर आलंच. नंदुरबार (धुळ्यातून) आणि वाशीम (अकोल्यातून) १९९८मध्ये निघाले. गोंदिया (भंडाऱ्यातून) आणि हिंगोली (परभणीतून) १९९९मध्ये. जुन्या अहवालाशी तुलना करताना मूळ जिल्हा आणि त्यातून निघालेला जिल्हा यांची बेरीज करा, नाहीतर तुलना सोडून द्या. नावांचंही तेच. जुन्या पत्रकांत औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर असेल. नव्यांत छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. दोन फायली जोडताना एक्सेलला हे एकच जिल्हे आहेत हे कळत नाही, ओळ गुपचूप गळते. शेवटी ३६ ओळी मोजायच्या. ३५ भरल्या तर समजा की काहीतरी निसटलं.

पायरी ३: आकडा राहत्या घराचा की सेवेच्या ठिकाणचा?

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. जिल्ह्याचा आकडा म्हटलं की आपण धरून चालतो की तो त्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसांचा आहे. निम्म्या वेळा तसं नसतं.

पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याची बाई बाळंतपणाला नाशिकच्या दवाखान्यात गेली, तर आरोग्य खात्याच्या मासिक अहवालात, म्हणजे एचएमआयएसमध्ये, ते बाळंतपण नाशिक जिल्ह्यात चढतं. जन्माची नोंदही जन्म झाला तिथेच होते, कायदाच तसा आहे. सीमेवरच्या तालुक्यांतल्या बायका गुजरातेत गेल्या तर ते बाळंतपण महाराष्ट्राच्या अहवालात दिसतच नाही. मोठं सरकारी रुग्णालय असलेला जिल्हा त्यामुळे एकाच वेळी चांगलाही दिसतो आणि वाईटही: बाळंतपणं जास्त, आणि शेजारून अत्यवस्थ होऊन आलेल्यांचे मृत्यूही जास्त.

शिष्यवृत्तीचंही तसंच. महाडीबीटीवरचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून कॉलेज ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या किंवा आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयाच्या डेस्कला. बीडची मुलगी पुण्यात शिकत असेल तर तिची शिष्यवृत्ती पुण्याच्या खात्यावर मांडली जाते. "पुण्यात सर्वाधिक लाभार्थी" ही बातमी दरवर्षी कुणीतरी करतं. पुण्यात कॉलेजं जास्त आहेत, एवढाच तिचा अर्थ.

याउलट राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएस, घरोघर जाऊन होतं. पण त्यातही एक मेख आहे. आदल्या रात्री त्या घरात मुक्कामाला असलेल्यांवर बहुतेक आकडे बेतलेले असतात. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीडच्या कितीतरी वाड्यांना कुलपं लागतात. सर्वेक्षणाची टोळी तिथे कोणत्या महिन्यात पोचली, यावर कोण मोजलं जाणार हे ठरतं.

तेव्हा तक्त्यात प्रत्येक आकड्याशेजारी एक छोटा रकाना ठेवा: "घर" की "सेवा". दोन वेगळ्या जातीचे आकडे एकमेकांनी भागायचे नाहीत. कॉलेजनिहाय मोजलेले लाभार्थी घेऊन त्यांना जिल्ह्यात राहणाऱ्या १८ ते २३ वयाच्या मुलामुलींच्या संख्येनं भागलं, तर उत्तर येतं, पण ते कशाचं हे कुणालाच सांगता येत नाही.

पायरी ४: जिल्हापत्रक वाचा, कंसांसकट

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते. पाचव्या फेरीचं प्रत्येक जिल्ह्याचं पत्रक सगळ्यांना मोफत उतरवून घेता येतं. बहुतेक ओळींत पाचव्या फेरीचा आकडा आणि शेजारी चौथ्या फेरीचा, म्हणजे २०१५-१६चा, दिलेला असतो. पालघरसारख्या नव्या जिल्ह्याला मात्र जुना रकाना नसतो.

आधी तारीख. फेरीचं नाव २०१९-२१ असलं तरी महाराष्ट्रातलं काम जून ते डिसेंबर २०१९मध्ये उरकलं होतं. म्हणजे आपल्याकडचे हे सगळे आकडे कोविडच्या आधीचे आहेत. "कोविडनंतर मुलींची लग्नं लवकर झाली, पाहा एनएफएचएस-५" असं लिहिलेलं मी वाचलंय. ते या आकड्यांतून निघूच शकत नाही.

मग राज्याचा आकडा आधाराला घ्या. २० ते २४ वयाच्या बायकांपैकी १८ व्या वर्षाआधी लग्न झालेल्या: चौथ्या फेरीत २६.३ टक्के, पाचव्यात २१.९. ही घट ४.४ टक्क्यांची की १७ टक्क्यांची? दोन्ही खरं. २६.३मधून २१.९ वजा केले तर ४.४ अंक उरतात, ते ४.४ मूळ २६.३च्या तुलनेत मोजले तर जवळजवळ १७ टक्के. अधिकारी सतरा सांगतात, विरोधक चार सांगतात. तुम्ही सरळ "२६.३ वरून २१.९" असं लिहा, वाचकाला वजाबाकी येते. त्याच पत्रकात १५ ते ४९ वयाच्या बायकांतला रक्तक्षय मात्र ४८.०वरून ५४.२वर गेलाय. आपल्या प्रश्नाला हे दोन्ही आकडे लागतात, पण ते वेगवेगळ्या वयोगटांचे आहेत हे विसरू नका.

आता जिल्हा. इथं सावध व्हायला लागतं. राज्यभरात मिळून ३१,६४३ घरं आणि ३३,७५५ बायका या फेरीत होत्या. ३६ जिल्ह्यांत वाटल्या तर जिल्ह्याला सरासरी ९३८ बायका. त्यातल्या २० ते २४ वयाच्या साधारण सहापैकी एक धरल्या, तर राहतात दीडशेच्या आसपास. अख्ख्या जिल्ह्यातल्या बालविवाहाची टक्केवारी एवढ्या मुलींच्या उत्तरांवर उभी असते.

दीडशेच्या नमुन्यावर २२ टक्के उत्तर आलं, तर त्याची ओढाताण किती? हिशोब असा: ०.२२ गुणिले ०.७८, भागिले १५०, त्याचं वर्गमूळ. येतं ०.०३४. त्याची साधारण दुप्पट म्हणजे साडेसहा अंक. म्हणजे खरा आकडा १५ ते २९ यांच्यामध्ये कुठंही असू शकतो. प्रत्यक्षात घरं गावागावांच्या गटांनी निवडलेली असतात, म्हणून पट्टा याहून रुंदच असणार. तेव्हा जिल्ह्यात बालविवाह तीन अंकांनी घटले म्हणून हार घालू नका आणि वाढले म्हणून कुणाला धारेवरही धरू नका. दहा-बारा अंकांचा फरक असेल तर गोष्ट वेगळी.

पत्रकात काही आकडे कंसात असतात. कंस म्हणजे तो आकडा २५ ते ४९ नमुन्यांवरच बेतलेला आहे. फुली असेल तर २५ पेक्षाही कमी, म्हणून छापलाच नाही. उतरवून घेताना कंस हमखास गळतात, कारण एक्सेल कंसातल्या आकड्याला उणे समजते. कंस हातानं परत घाला.

आणि तालुक्याचा आकडा या सर्वेक्षणात मिळत नाही. अमरावती जिल्ह्याच्या सरासरीत धारणी आणि चिखलदरा, म्हणजे अख्खा मेळघाट, विरघळून जातो. नाशिकमध्ये सुरगाणा-पेठ तसेच. त्यासाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे किंवा बालविकास प्रकल्प कार्यालयात जावं लागतं. तिथला अंगणवाडीचा आकडा वजन घेतलेल्या मुलांचा असतो, तालुक्यातल्या सगळ्या मुलांचा नव्हे. "वजन किती मुलांचं घेतलं?" हे आधी विचारा, कुपोषित किती हे नंतर.

पायरी ५: एकाच गोष्टीचे दोन आकडे आले तर

येतातच. महाराष्ट्राचा अर्भक मृत्यूदर, म्हणजे वर्षाच्या आत दगावलेल्या बाळांचा, एनएफएचएस-५मध्ये हजारी २३.२, आणि नमुना नोंदणी योजनेच्या, म्हणजे एसआरएसच्या, २०२०च्या अहवालात १६. यात कुणी खोटं बोलत नाही. पहिला आकडा आयांना विचारून आधीच्या पाच वर्षांतल्या जन्मांवरून काढलेला. दुसरा निवडक गावं-वस्त्यांत वर्षभर नोंद ठेवून, एकेका वर्षाचा. ज्या मालिकेतला मागचा आकडा घेतला, त्याच मालिकेतला पुढचा घ्या. एकीतून सुरुवात करून दुसरीत शेवट केला की कोणताही जिल्हा रातोरात सुधारतो.

मातामृत्यूचं प्रमाण जिल्ह्यासाठी शोधूच नका. महाराष्ट्रासाठी २०१८-२०चं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं, आणि तेसुद्धा तीन वर्षं एकत्र करून काढावं लागतं. वर्षाला २५ हजार जन्म होणारा जिल्हा घेतला तर त्या हिशोबानं आठ मृत्यू. पुढच्या वर्षी अकरा झाले तर "३७ टक्क्यांनी वाढ" असा मथळा येतो. अशा वेळी टक्केवारी बाजूला ठेवून अकरा बायकांची चौकशी मागावी: कुठून निघाल्या, रुग्णवाहिका किती वेळात आली, रक्त मिळालं का.

एचएमआयएसमध्ये १०० टक्क्यांच्या वर गेलेले आकडे दिसले तर दचकू नका. छेदस्थानी "अपेक्षित गरोदर माता" असतात, तो अंदाज. शेवटची जनगणना २०११ची, पुढचीची संदर्भतारीख १ मार्च २०२७. तोवर जिल्ह्याचा प्रत्येक छेद हा अंदाजच आहे.

छेदावरून एक उदाहरण. २०१९मध्ये राज्य सरकारनं बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांबाबत समिती नेमली. तिच्यासमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली होती, म्हणजे सहातली एक. आकडा आहे तसाच हादरवणारा आहे. पण तो ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा. "बीडमधल्या दर सहा बायकांमागे एक" असं लिहिलं की छेद बदलला, आणि मग कुणीही उठून अख्खी बातमीच खोडून काढू शकतो.

पायरी ६: शिष्यवृत्तीत "लाभार्थी" म्हणजे कोण?

आधी खातं शोधा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांचं समाजकल्याण पाहतं, जमातींचं आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय, ओबीसी आणि भटक्या विमुक्तांचं इतर मागास बहुजन कल्याण विभाग. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांची, उच्च व तंत्रशिक्षण खात्याच्या संचालनालयांकडे. पोर्टल एक असलं तरी डेस्क वेगळे. "जिल्ह्यातले एकूण शिष्यवृत्तीधारक" असा आकडा कुणी दिला तर तो कोणत्या खात्यांची बेरीज आहे ते विचारायचंच.

मग पायऱ्या. अर्ज केला, कॉलेजच्या क्लार्कनं पुढं पाठवला, कार्यालयानं मंजूर केला, व्हाउचर निघालं आणि विद्यार्थ्यानं ते रिडीम केलं, पैसे आधार जोडलेल्या खात्यात पडले. यातली प्रत्येक पायरी "लाभार्थी" म्हणून खपवता येते. मी पाहिलेल्या तक्त्यांत बहुधा मंजूर संख्या असते, आणि मुलगी मात्र व्हाउचर कुठं रिडीम करायचं हे न कळल्यानं मेमध्येही थांबलेली असते. नवीन अर्ज आणि रिन्यूअल वेगळे घ्या. आपल्या प्रश्नासाठी सगळ्यात बोलका आकडा रिन्यूअलचाच: अकरावीत अर्ज केलेल्या मुलींपैकी बारावीत रिन्यूअल कितीजणींनी केलं? शाळा-कॉलेज सुटल्याची ती पहिली खूण असते. अर्थात, कधी नुसता उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळालेला नसतो.

शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप हेही निराळे रकाने. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. त्यावरच्यांना फ्रीशिप, त्यात शिक्षण आणि परीक्षा शुल्क सुटतं, निर्वाहभत्ता नाही. दोन्हींची बेरीज करून "गरीब विद्यार्थी" म्हणणं चूक.

रक्कम भागिले विद्यार्थी, हा मोह टाळा. विद्यार्थी शैक्षणिक वर्षाचे, खर्च आर्थिक वर्षाचा. एप्रिलनंतर पडलेला मागच्या वर्षाचा दुसरा हप्ता यंदाच्या खर्चात दिसतो. त्यात अनुसूचित जातीच्या योजनेत २०२०च्या डिसेंबरात केंद्रानं रचना बदलली: ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे, आणि केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. दिलेल्या रकमेत दोन्ही हिस्से आहेत की एकच, हे विचारल्याशिवाय आधीच्या वर्षांशी तुलना नको. मुलींच्या बाबतीत आणखी एक सांधा आहे. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानं आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत ५०ऐवजी १०० टक्के शुल्कसवलत मिळाली. २०२४-२५पासून रक्कम उडी मारेल. ती नियमाची उडी आहे, मुली वाढल्याची असेलच असं नाही. संख्या आणि रक्कम वेगळ्या पाहिल्या की कळतं.

आठवीतली एनएमएमएस, म्हणजे केंद्राच्या आर्थिक दुर्बल गुणवत्ता शिष्यवृत्तीची परीक्षा, हा तर सापळाच. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, महाराष्ट्राचा कोटा ११,६८२, आणि तो जिल्ह्यांना वाटून दिलेला. जिल्ह्याचे निवडलेले विद्यार्थी मोजणं म्हणजे कोटा मोजणं. खरा प्रश्न निवडीनंतरचा: किती मुलांचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरले गेले, आणि नववीतल्या किती जणांना बारावीपर्यंत पैसे मिळत राहिले?

वसतिगृह न मिळालेल्यांच्या स्वाधार (अनुसूचित जाती) आणि स्वयम (जमाती) योजनांत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिकांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. इथंही शहर शिकण्याचं, घराचं नव्हे.

पायरी ७: नसलेला आकडा मागा

आधी जिल्हा सांख्यिकी कार्यालयातून "जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन" बघा; बरंच तिथंच असतं. नसेल तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवस. "शिष्यवृत्तीची संपूर्ण माहिती द्यावी" असं लिहिलं की "माहिती व्यापक स्वरूपाची आहे" असं उत्तर येतं. माझा नमुना असा:

"भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, शैक्षणिक वर्षे २०२३-२४ व २०२४-२५. आपल्या कार्यक्षेत्रातील कनिष्ठ महाविद्यालयांतील विद्यार्थिनींची संख्या, तालुकानिहाय: (अ) प्राप्त अर्ज, नवीन व नूतनीकरण स्वतंत्र; (आ) महाविद्यालय स्तरावर प्रलंबित; (इ) मंजूर; (ई) पहिला हप्ता जमा; (उ) दुसरा हप्ता जमा. माहिती उपलब्ध असल्यास एक्सेल स्वरूपात, दिनांकासह मिळावी."

"दिनांकासह" हा शब्द सोडू नका. जानेवारीतली आणि जूनमधली संख्या वेगळी असते, आणि नेमकी कोणत्या दिवशीची हे कळलं नाही तर दोन वर्षांची तुलना होतच नाही. एका कार्यालयानं मला मागच्या वर्षीचे मार्चअखेरचे आणि यंदाचे डिसेंबरअखेरचे आकडे एकाच कागदावर दिले होते. मी जवळजवळ "लाभार्थी निम्म्यावर" असा मथळा देऊन बसलो होतो.

पायरी ८: जोडा, पण जपून

आता दोन पानं समोर ठेवा. एकावर बालविवाह आणि रक्तक्षय, दुसऱ्यावर अर्ज, रिन्यूअल, जमा. ३६ जिल्ह्यांचा आलेख काढला तर जास्त शिष्यवृत्ती तिथे कमी बालविवाह अशी तिरकी रेष बहुधा दिसेल. ती कारण सांगत नाही. शहरी जिल्ह्यात कॉलेजंही जास्त आणि लग्नंही उशिरा. पायरी ३ची भानगड इथं पुन्हा येते. त्यापेक्षा एकाच जिल्ह्यातले तालुके घ्या, अकरावी ते बारावी गळती पाहा, आणि जिथं ती सर्वाधिक आहे तिथल्या दोन कॉलेजांत जाऊन शिष्यवृत्तीचं काम पाहणाऱ्या क्लार्कशी बोला. अर्ध्या तासात तो जे सांगतो ते कुठल्याही पत्रकात नसतं: कोणत्या गावची एसटी बंद झाली, कुणाचं आधार जुन्या बँकेलाच जोडलेलं राहिलं, कुणाचं लग्न ठरलं.

छापताना तालुक्याच्या रकान्यात संख्या पाचच्या खाली असेल तर नेमका आकडा देऊ नका, "५ पेक्षा कमी" लिहा. छोट्या गावात एका जमातीची एकच मुलगी शिकत असते. आकडा १ छापला की तिचं नाव छापल्यासारखंच. तक्त्याखाली चार गोष्टी हव्यात: कुणी मोजलं, कोणत्या काळातलं, घराचं की सेवेचं, आणि तुम्ही तो आकडा कोणत्या तारखेला उतरवून घेतला. मूळ फाईल जपून ठेवा. पोर्टलवरचे आकडे नंतर सुधारले जातात, आणि फोन आला की आपल्या हातात त्या दिवशीचा कागद असावा लागतो.